बिल्ड फक्त माझ्या मशीनवर होतो

३ जून, सकाळी १०
कोडवरून प्रोग्रॅम तयार करायचा, म्हणजे बिल्ड, तो आख्ख्या ऑफिसात फक्त माझ्या मशीनवर होतो. त्यामुळे साहेब दहा दिवसांची रजा देईनात. म्हणाले, मशीनवर काय काय आहे ते लिहून काढा, दुसरीकडे बिल्ड झाला की खुशाल जा. तीन वर्षांत कुठे गेलो नाही. बायकोने बॅगा काढल्यासुद्धा.
संकल्प: उद्यापर्यंत यादी तयार. हातचा मळ आहे.

४ जून
यादी दिली. सात ओळी, सगळ्या तोंडपाठ. प्रोग्रॅम तपासणाऱ्या टेस्टरबाई म्हणाल्या, छोटी स्क्रिप्ट आहे, मशीन स्वतःच सगळं लिहून देईल. म्हटलं, ज्याने मशीन लावलं त्याने मशीनला विचारायचं?

५ जून
टेस्टरबाईंच्या मशीनवर बिल्ड बोंबलला. मशीनच भिकार.

६ जून
आणखी एका मशीनवर बोंबलला. दोन टूल्स आणि एक फोल्डर लिहायचा राहिला म्हणे. बाकी यादी अचूक.

९ जून, दुपारी ४.१०
बायकोचा फोन. जायचंय की नाही ते एकदाचं सांग, म्हणाली. समजावलं, माझ्यावाचून इथलं पान हलत नाही. तिने फोन आपटला. वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं.

१० जून
साहेबांच्या हुकमाने स्क्रिप्ट चालवली. दोनशे चौदा ओळी! बघा म्हटलं, केवढा पसारा एकटा सांभाळतोय.

११ जून
टेस्टरबाईंनी ओळ न् ओळ तपासली. त्यांचं म्हणणं, ऑक्टोबरात मी कंपायलर, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम करणारं टूल, बदलला, तेव्हापासून माझ्या मशीनवरही बिल्ड होत नाही. रोज बोंबलतो, आणि मीच लिहिलेली एक कमांड एरर गिळून जुनाच प्रोग्रॅम नवी तारीख लावून पाठवते. आठ महिने मी केलेलं काहीच गिऱ्हाइकाकडे पोचलेलं नाही. आणि एकाचीही तक्रार नाही.
म्हटलं, यालाच क्वालिटी म्हणतात.

१२ जून
टेस्टरबाईंनी जुना कंपायलर परत बसवला. ऑफिसातल्या चारही मशीनवर बिल्ड झाला.
साहेबांकडे गेलो. स्वतःहून म्हटलं, अशा वेळी मी इथे हवा, रजा रद्द करतो. साहेब म्हणाले, छे छे, जा तुम्ही. दहा दिवस कशाला, महिनाभर जा.
घरी सांगितलं. बायको हरखून गेली. म्हणाली, बघ, किती मानतात तुला ऑफिसात! मी हो म्हणालो.