मन्नानी माशाचे नवरे

ट्यूनिस, ४ मार्च

ति. आजीस,

सा. न. वि. वि. फोनच केला असता, पण तुझ्या फोनवर अर्धी आळी कान लावून बसते, म्हणून पत्र.

आमच्या मॅडमनी वर्गातल्या प्रत्येकाला एका माशावर ज्ञानकोशासाठी लेख लिहायला लावलाय. आता एकमेकांचे लेख तपासून अभिप्राय द्यायचेत. माझ्या वाट्याला घस्सेनचा लेख आलाय, मन्नानी माशावर. हा घस्सेन म्हणजे वर्गातला पहिला नंबर, नाक वर. आपल्या रम्लाच्या बेटावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. मॅडमनी बजावलंय की नुसतं ‘छान’ लिहिलं तर शून्य. एक तरी खरी उणीव दाखवायचीच. मला एकही सापडत नाही. लेखाची प्रत सोबत आहे. सावकाश वाच आणि मला वाचव.

तुझी लाडकी (निदान मला तरी तसं वाटतं),
अरीज

रम्ला, ९ मार्च

चि. अरीज हिस,

अ. आ. कागद पोचले. चार ओळी वाचायच्या आणि डोळे पुसायचे, असं करत संपवले.

पोरगा लिहितो की ओठ जाड, डोळे मोठे, स्वभाव एकलकोंडा. हे तर तुझ्या मामाचं वर्णन झालं. पुढे म्हणतो मांस रुचकर. कशात रुचकर, कुसकुसवर की निखाऱ्यावर? ते सांगायला काय पैसे पडत होते?

पण खरी गंमत तिसऱ्या पानावर आहे. म्हणे मन्नानी जन्मते मादी आणि वय झालं की नर होते! अगं, जन्मभर मी मन्नानी साफ केल्या. जिच्यात बघावं तिच्यात अंड्यांची पिशवी. नर खोल पाण्यात बसत असतील, कामधंदा चुकवत. आणि म्हातारी झाल्यावर बाईचा बाप्या होत असता, तर मी एव्हाना कॅफेत बसून पत्ते कुटत असते. मिशा तेवढ्या फुटल्यात.

लाल शाईने खोड ते. बेधडक खोड.

मिरचीचा हरिसा संपला असेल तर कळव. लोभ ठेवायला सांगावं लागू नये.
महबूबा

ट्यूनिस, १५ मार्च

ति. आजीस,

सा. न. वि. वि. बेधडक खोडलं. समासात ‘बाजारगप्पा’ असंही लिहिलं, आणि पुरावा म्हणून ‘माझी आजी’.

घस्सेनने माझा अभिप्राय वर्गासमोर वाचला आणि शांतपणे पुस्तकं उघडून दाखवली. सगळ्यांत तेच लिहिलंय. मादीचाच नर होतो, आजी! मागून कुणीतरी विचारलं की अरीजची आजी अजून आजीच आहे की आजोबा झाली. मॅडम म्हणाल्या, पंधरा दिवसांत नवा अभिप्राय आण, नाहीतर शून्य. शून्य मिळालं तर माझं वर्ष अडकेल.

घस्सेन रागावला असता तरी चाललं असतं. त्याने ‘चालायचंच’ म्हणत मला चहा पाजला. असा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.

लोभ आहे, पण या घडीला थोडा कमीच.
अरीज

रम्ला, २० मार्च

चि. अरीज हिस,

अ. आ. काल शेजारच्या मुन्जियाच्या लेकीचं लग्न लागलं. रीतीप्रमाणे नवरानवरीने मन्नानीवरून उड्या मारल्या. मासा चांगला दांडगा होता, रिबिनी बांधून पाटावर निजवला होता. आपल्याकडे हा मासा उड्या झाल्या की तसाच अख्खा नवऱ्याच्या घरी जातो; हा स्फाक्सला जायचा होता. मी म्हटलं थांबा, आधी साफ करून देते. मुन्जिया किंचाळली की अपशकुन होईल. मी म्हटलं, मेलेल्याला आणखी काय व्हायचंय?

पोट फाडलं. अंड्यांची पिशवी नाही. मी ओरडले, बाप्या आहे, बाप्या आहे! वऱ्हाडाला वाटलं मी नवरदेवाची ग्वाही देतेय. बायकांनी आनंदाने जिभा वाजवल्या. नवरदेव बिचारा कानापर्यंत लाल झाला.

तेव्हा पोराचं बरोबर आहे. मोठे मासे लग्नांना जातात आणि माझ्या सुरीखाली येतात त्या पोरसवदा. माझ्या लग्नात मोठ्यावरून मीही उडी मारली होती, पोट कधी बघितलं नव्हतं. हे त्याला तू सांग, मी सांगणार नाही.

पण मग मला सांग, झाडून सगळे नवरे असे लग्नांना गेले, तर मागे समुद्रात त्या बायकांनी करायचं काय? त्याच्या लेखात शोधलं. शेपटीवर पानभर आहे, यावर अक्षर नाही.

कमी झालेला लोभ परत पाठव.
महबूबा

ट्यूनिस, २८ मार्च

ति. आजीस,

सा. न. वि. वि. आधी माझी चूक कबूल केली आणि खाली तुझा प्रश्न जसाच्या तसा लिहिला, नवऱ्यांसकट. मॅडमनी तो दोनदा वाचला. या वेळी कुणी हसलं नाही. मला गुण मिळाले. घस्सेनचा लेख मात्र अडवून ठेवलाय, उत्तर लिहीपर्यंत छापायचा नाही म्हणून.

आता तो भयंकर चिडलाय. जिन्यात, ग्रंथालयात, जेवणाच्या रांगेत, दिसेल तिथे माझ्याशी वाद घालतो. म्हणतो, हा काय माशावरचा प्रश्न आहे का? चहा बंद. मला फार बरं वाटतंय.

पुस्तकांत त्याला अर्धंच उत्तर सापडलं: मागे राहिलेल्या मोठ्या माद्यांतल्याच काही नर होतात, पण तेवढं वाढायला त्या उरायला हव्यात. आपल्या बेटाभोवती मोठे मासे किती उरलेत, हे त्याला कोळ्यांनाच विचारायचंय. एप्रिलच्या सुट्टीत तो माझ्याबरोबर बोटीने यायचं म्हणतो. येऊ देऊ का?

पूर्ण लोभासह,
अरीज

रम्ला, ३ एप्रिल

चि. अरीज हिस,

अ. आ. येऊ दे. निजायला तुझ्या मामाकडे. माझ्याकडे फक्त जेवायला. माशातलं कळतं म्हणतो, तर काटे स्वतःचे स्वतः काढील. तू हाताशी बसून काढून द्यायचे नाहीत.

कोण येतंय म्हणून मुन्जिया विचारत होती. मी सांगितलं, एक मुलगा मासे बघायला येतोय. तिचा विश्वास बसला नाही.

माझाही नाही.

बोट चुकवू नका. बाकीचा लोभ समोरासमोर.
महबूबा