दहा अँपिअरचं घर

६ जानेवारी, मंगळवार

गेली! ऐन वेळेला गेली! बाहेरच्या खोलीत, म्हणजे माझ्या पार्लरात, नवरी खुर्चीवर, तिची मावशी शेजारी, अर्धं डोकं वाळलेलं, अर्धं टपटप गळतंय — आणि वीज गुल. फक्त आमच्याच घरातली. मावशीने खिडकीतून समोरचे दिवे बघून घेतले, मग माझ्याकडे बघितलं. "लग्नाच्या दिवशी असं नाही ना होणार?" मी हसले. त्या हसण्याला खरं तर बक्षीस मिळायला हवं.

अठराला लग्न. नवरीसकट सात बायका. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालंय. हे हातचं गेलं तर पाटी उतरवायची आणि गप्प बसायचं.

वायरमन आला. "ताई, जुनं वायरिंग आहे. दहा अँपिअर झेपतात. त्याच्या वर गेलात की खटका पडणारच." कुठलं यंत्र किती अँपिअर खातं? "सोपंय. वॉट भागिले व्होल्ट. घरात व्होल्ट दोनशे तीस." सोपंय म्हणे! विज्ञानाच्या तासाला मी मागच्या बाकावर मैत्रिणींच्या वेण्या घालत होते.

७ जानेवारी

गणित केलं! ड्रायर दोन हजार वॉट — ८.७ अँपिअर. फ्रिज ०.६५. दिवे ०.४. स्टीमर पंधराशे वॉट — ०.१५. किती गरीब बिचारा! बेरीज ९.९. दहाच्या आत! स्वतःची पाठ स्वतःच थोपटली, दुसरं कोण थोपटणार?

म्हणजे माझी यंत्रं निर्दोष. मग उरलं कोण? पार्लरापलीकडच्या बाथरूममधला पाणी तापवायचा रॉड. हजार वॉट, ४.३५. सासूबाईंची आंघोळ अकराला, सांधे जरा मोकळे झाले की. म्हणजे नेमकी गिऱ्हाइकांच्या वेळी! बाथरूमच्या दारावर कागद चिकटवला — "सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा रॉड लावू नये." खाली सही. स्वतःच्या घरात सही! सासूबाईंनी चष्मा लावून वाचला. "बरं," म्हणाल्या.

९ जानेवारी

परत खटका! ड्रायर आणि स्टीमर चालू होते, पण ते तर हिशोबात बसतात. कानोसा घेतला — बाथरूममध्ये बादलीचा आवाज! रंगेहाथ!

"आई, रॉड लावलात ना?"

"नाही गं."

"मग खटका कसा पडला?"

"मला काय कळतंय त्यातलं."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "आई खोटं बोलत नाही." मी म्हटलं, "आणि गणित बोलतं का?" ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पंधरा वर्षांच्या संसारात ह्यांनी हे एकच शस्त्र वापरलंय.

१२ जानेवारी

थंडी मरणाची. सासूबाईंना सर्दी. "चोरून आइसक्रीम खाल्लंत की काय?" असं विचारलं मी. स्वतःच हसलेही.

१४ जानेवारी

वायरमनचा मीटर मागून आणला. नवं खेळणं! प्लग काढायचा, पिनांना दोन टोकं लावायची, की आतला रोध दिसतो, ओहममध्ये. व्होल्टला त्याने भागलं की अँपिअर. ड्रायर २६.५. भागाकार केला — ८.७! जुळलं! मोठ्याने ओरडले. खुर्चीतल्या बाईच्या भुवईचा धागा तुटला.

सासूबाई दुपारी पडल्या होत्या. गुपचूप रॉड आणला. मीटरवर — १. नुसता एक! दोनशे तीस भागिले एक म्हणजे दोनशे तीस अँपिअर!! गुणिले दोनशे तीस व्होल्ट — बावन्न हजार नऊशे वॉट! एवढ्यावर अख्खी गल्ली चालेल! ह्यांना पुरावा दाखवला. "एवढे वॉट असते तर आई उकडून निघाली असती," म्हणाले. विज्ञानाची किंमतच नाही या घरात.

१५ जानेवारी

स्टीमर मोजायचा राहिला होता. ३५ ओहम. म्हणजे साडेसहा अँपिअर. मीटर चुकला असेल. परत मोजला. साडेसहाच.

मग ०.१५ कुठून आले? वही काढली. वॉट भागिले व्होल्ट करायच्या जागी मी व्होल्ट भागिले वॉट केलंय! उलटा भागाकार! ड्रायर आणि स्टीमर मिळून पंधराच्या वर. दोन्ही यंत्रं माझी, बटण दाबणारा हात माझा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

दारावरचा कागद काढला. सासूबाईंना मात्र काही बोलले नाही. अठरा उरकू दे, मग सांगू. शिवाय रॉडचे दोनशे तीस आहेतच की! तेवढाच मला आधार. मी भित्री तर आहेच, वर कोडगी.

१८ जानेवारी, रविवार

एका वेळी एकच यंत्र. खटका पडला नाही!! नवरी सुंदर दिसली. मावशी म्हणाली, आमच्या मुलीच्या वेळीही तुम्हीच. पाय गळून गेलेत.

१९ जानेवारी

वायरमन मीटर न्यायला आला. त्याला ऐटीत रॉडचा आकडा दाखवला. हसला. "ताई, डावीकडे एकटाच एक आला तर तो आकडा नसतो. आतली तार तुटलीय. यातून वीजच जात नाही."

कधीपासून, ते सासूबाईंना विचारलं. "तू कागद लावलास ना, त्याच्या आधीच जळाला. म्हटलं, सांगितलं तर नवा आणशील, अन् परत तुझे अँपिअर वाढतील."

इतके दिवस या थंडीत गार पाण्याने! लाज वाटली, तोंड वर करवेना. तरी वर मीच रागावले, "निदान गॅसवर तरी तापवायचं ना!"

"तुझ्या बायका बसलेल्या असतात गं. त्यांच्या मधून बादली कशी नेणार?"