मागच्या उतारावरच्या पट्ट्या

आर्केडिया, फ्लोरिडा
२४ ऑगस्ट, गुरुवार सकाळ

प्रिय नीव्हा,

तू आणि बर्ल बरे असाल असं लिहितो. बरे नाही आहात हे तुझ्या शेजारच्या ऑटिसकडून रोज कळतं. अक्षर ओळखूनही तू हे पत्र कचऱ्यात टाकलं नाहीस, एवढंच आज मला पुरे आहे. मागे पाठवलेलं नाताळचं कार्ड न उघडता परत आलं होतं. म्हणून हे टपालाने पाठवत नाही, स्वतः तुझ्या पेटीत टाकून जाणार आहे. तुझं कुत्रं अजून मला ओळखतं का तेही कळेल.

माझं ठीक. गुडघे गेले, भूक आहे. नदीपलीकडची संत्र्याची शेवटची बागही उपटली, तिथे आता घरं होणार म्हणतात. ऑटिस येऊन-जाऊन असतो. या महिन्याच्या सुरुवातीला ओसरीत खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "हॉलिस, तुझ्या बहिणीच्या घराचा विमा गेला. नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि आख्ख्या गल्लीत एकटीचा गेला."

मी म्हटलं, "एकटीचाच कसा?"

"कसा म्हणजे? आमची छपरं सहा वर्षांची. तिचं अठरा वर्षांचं. तू आम्हा सगळ्यांना फुकट छप्पर दिलंस, तिने घेतलं नाही. प्रामाणिक बाई, भोग म्हणावं आता!" आणि हसला. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू ओठांतच राहिलं.

त्याचं खोटं नाही. त्या वर्षी वादळ आपल्या गावाच्या बाजूने निघून गेलं. थोड्या फांद्या पडल्या, बस. पण मी दारोदार गेलो, 'वादळाने छप्पर मोडलं' अशा कागदावर सह्या घेतल्या, आणि लोकांच्या वतीने विमा कंपन्यांशी भांडलो. वकील माझा, फोटो माझे, छप्पर त्यांचं. गल्लीत अकरा घरांवर नवी छपरं झाली. असे आम्ही छपरं घालणारे राज्यभर शेकड्यांनी होतो. मग कंपन्या पळाल्या, उरलेल्यांनी हप्ते तिप्पट केले, आणि राजधानीत, टॅलाहासीत बसलेल्यांनी कायदे बदलले. आता जुन्या छपराचं घर कुणाला नको. पंधरा वर्षं उलटली की तपासनीसाने 'अजून पाच वर्षं टिकेल' असं लिहून द्यायचं, तरच विमा. कायदा आमच्यासारख्यांना वठणीवर आणायला केला, आणि सापडलीस तू. अकरा खोटारड्यांची छपरं नवीकोरी, विम्यासकट.

तपासनीस म्हणून तू क्रिसान्तोला बोलावलंस हे बरं केलंस. माझ्याकडेच शिकला, पण माझ्यासारखा झाला नाही. त्याने 'दोन वर्षं' लिहिलं, त्याचा राग धरू नकोस. तो त्याच दिवशी सांजच्याला माझ्याकडे आला होता. आत ये म्हटलं तर आला नाही, पायरीवर उभा राहून टोपी फिरवत होता.

"बॉस, पुढचा उतार अजून सात-आठ वर्षं जाईल. हात चांगला लागलाय त्याला."

"मीच घातलंय ते. सहा-सहा खिळे प्रत्येक डांबरी पट्टीला."

"मोजले मी. मागचा उतार मात्र गेलाय. खालची फळी मऊ झालीय, बोट आत जातं."

"वय झालं, दुसरं काय."

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "पट्ट्या उचकटलेल्या आहेत. सलग चार ओळी, एका रेषेत. तुम्हीच शिकवलंत ना मला? वारा वाकडातिकडा उचकटतो. वारा ओळीत चालत नाही."

मी त्याला पुन्हा आत ये म्हटलं.

"मी कागदावर वयच लिहिलंय," तो म्हणाला, "बाईंना तुम्ही सांगा."

त्याला आता सोळा दिवस झाले. सोळा दिवस मी या टेबलाशी बसतो आणि उठतो. कालपर्यंत मी हे पत्र गुडघ्यांपर्यंत आणि संत्र्यांपर्यंतच लिहीत होतो.

नीव्हा, आमची कामाची रीत अशी होती की आधी वर चढायचं, मग दार वाजवायचं. तुझ्याकडे आलो तेव्हा तुला म्हटलं, पन्हळीतली पानं काढतो. तू शिडीपाशी थंड चहा आणून ठेवलास, लिंबू पिळून, आणि आत गेलीस. मी मागच्या उतारावर बसलो आणि चार ओळी हाताने उचकटल्या. ऊन होतं, डांबर मऊ होतं, वेळ लागला नाही. फोटो काढले. खाली आलो, चहा प्यालो आणि मग कागद पुढे केला.

तू कागद पूर्ण वाचलास. अख्ख्या गल्लीत तेवढं कुणी वाचलं नव्हतं. म्हणालीस, "हॉलिस, वारा या घरावरून गेलाच नाही. मी जागी होते." मी म्हटलं, "कंपनीला काय कळतंय!" तेव्हा तू कुंपणापलीकडच्या ऑटिसला ऐकू जाईल एवढ्याने म्हणालीस, "माझा भाऊ चोऱ्या करायला लागला हो! आणि मी त्याला चहा पाजला."

मला राग आला. राग येण्यासारखंच तू बोललीस, कारण खरं बोललीस. त्या ओळी परत चिकटवायला डांबराच्या दोन नळ्या आणि अर्धा दिवस लागला असता. नळ्या गाडीत होत्या. मी शिडी गाडीवर टाकली आणि गेलो. पुढच्या आठवड्यात गुपचूप येऊन करू म्हटलं. मग पुढच्या महिन्यात. मग तू कार्ड परत पाठवलंस आणि मला निमित्त मिळालं.

सहा वर्षं त्या ओळींतून पाणी आत जात होतं. तुझं छप्पर म्हातारं झालेलं नाही. मी घातलेलं छप्पर मीच मोडलं, आणि तू ते वयाच्या खात्यावर धरून गप्प बसली आहेस.

आता काय करता येईल ते लिहितो, फार नाही. नवं छप्पर घातलं तर एक कंपनी तुला घ्यायला तयार आहे, एजंटने मला सांगितलं. पण माझा परवाना काढून घेतलाय, आणि ज्यांचा आहे ते नोव्हेंबरपर्यंत मोकळे नाहीत. आणि नोव्हेंबर तरी कुठला? आज पहाटे आखातातल्या वादळाला नाव मिळालं. एकदा नाव पडलं की ते जाईपर्यंत कुठलीही कंपनी नवा विमा लिहीत नाही. म्हणजे शनिवारी जे येईल ते तुझ्या घरावर विम्याशिवाय येणार आहे.

दुपारी क्रिसान्तो आणि मी ताडपत्री आणि लाकडी पट्ट्या घेऊन येतो. तू दार उघडू नकोस, बाहेर येऊ नकोस, आम्ही मागून चढू. पण तुला फसवायचं नाही म्हणून सांगतो, मऊ फळीत खिळा धरत नाही. ताडपत्री पहिल्या तासाभरात जाईल. मागचा उतार त्यानंतर. बर्लचा पलंग मागच्या खोलीत आहे असं ऑटिस म्हणाला. निदान तो पुढे आणा, आम्ही हात लावू.

खरं तर दोघांनी माझ्याकडे यावं. रुंद दार आहे, पलंग येईल; पुढची खोली मी रिकामी केली. माझं घर सिमेंटच्या विटांचं, छप्पर सहा वर्षांचं. ते कसं मिळालं हे तुला सांगायला नको. म्हणूनच तू येणार नाहीस हेही मला माहीत आहे. सहा वर्षांत तू असल्या छपराखाली पाय ठेवला नाहीस आणि या शनिवारीही ठेवणार नाहीस, बर्लचा हात धरून तिथेच बसशील.

तुला यावंसं वाटलं तर कुंपणावर टॉवेल टाक. नाही टाकलास तरी शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी घेऊन फाटकाशी येऊन थांबेन, रस्ते बंद होईपर्यंत.

माफी मागत नाही. ती मिळाली तरी पाणी आत येणारच आहे.

तुझं छप्पर ज्याच्या हातून घातलं गेलं आणि त्याच हातून गेलं,
तो तुझा भाऊ
हॉलिस