अंबूआक्काच्या देव्हाऱ्यातलं मुखपृष्ठ

निपाणीच्या ती. आक्कास,
धाकट्या महादेवाचा बेळगावातून वाकून (कंबर वाकते तेवढाच) नमस्कार.

धप्प! आठवतो का गं तो आवाज? पोस्टमन ओसरीवर दिवाळी अंक टाकायचा आणि फराळाचं ताट तसंच ठेवून आपण दोघं धावायचो. आता तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना? फोनवर तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र.

माझे जुने अंक मुखपृष्ठांसकट कपाटात सुखरूप आहेत. (सूनबाई प्रियदर्शनी त्यांना रद्दी म्हणते, पण हळू आवाजात म्हणते. गुणाची आहे.) फक्त एका अंकाचं मुखपृष्ठ गेलेलं. हिरव्या लुगड्यातली, नदीत दिवा सोडणारी ती बाई गं! तिच्यासाठी खडेबाजारातले रद्दीवाले पालथे घातले, आणि ती भेटली कंग्राळीत, तुझ्या वर्गमैत्रिणीच्या, अंबूआक्काच्या देव्हाऱ्यात. चौकटीत बसलेली, हळदीकुंकू ल्यालेली, साक्षात लक्ष्मी होऊन!

मी गेलो होतो नात आरोहीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. कोपऱ्यात चित्रकाराची सही दिसते का म्हणून चष्मा सावरत खाली वाकलो. अंबूआक्काला वाटलं, याची भक्ती उफाळली. तिनं लगेच निरांजन पेटवून ताट माझ्या हाती दिलं. शेजारच्या बायकाही जमल्या. सही शोधणाऱ्याला ऐनवेळी आरती कुठली सुचणार? तोंडात आली ती चौथीतली पावसाची कविता. मास्तरांच्या चालीत तीच म्हटली. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. शेवटच्या कडव्याला माझेच डोळे भरून आले (धूर अजिबात नव्हता).

प्रसाद खाऊन धीर केला. म्हटलं, "अंबूआक्का, ही लक्ष्मी न्हवं, दिवाळी अंकावरची बाई हाय."

"म्हाईत हाय की रं महादेवा! आमच्या मालकांनी आणलंतं. ते गेल्यापास्नं हिच्यासंगंच बोलतो मी."

बदल्यात खऱ्या महालक्ष्मीची मोठी तसबीर देतो म्हणालो, तर म्हणते, "ती सगळ्यांची हाय. ही माझी."

मग पत्रिका तिच्या हाती ठेवून मी चपला शोधल्या. असो. थंडी पडलीय, कानाला बांधत जा.

तुझा,
महादेव

ता. क. खरं म्हणजे पत्राचं कारण हेच की तू एकदा येऊन अंबूआक्काची समजूत घाल. शाळेत ती तुझं लई ऐकायची.

आणखी ता. क. येऊ नकोस! पाकीट चिकटवायला घेतलं आणि दार वाजलं. बघतो तर अंबूआक्का, पदराखाली चौकट! नातीच्या बाळंतपणाला सदलग्याला निघालीय. "माघारी घरात कोण न्हाय रं. रोज दिवा लाव, अन् ते पावसाचं म्हण. तिला आवडलंय." जाताना चित्राला म्हणाली, "ऱ्हा गं थोडं दिस. माणूस भरवशाचा हाय."

चौकटीचे खिळे गंजलेत, अंगठ्यानं निघतील. पण आक्का, आता ते काढू कसे?