शाणूकाका, तुमचा विकर्ण कोण?

प्रिय शाणूकाका,

तुम्ही खरंच गेलात ना? राग मानू नका, पण दशावतारी माणसाचा काय भरवसा! राक्षस होऊन मरायचा आणि तासाभरात आमच्यासमोर चहात उंडो पाव बुडवत बसलेला असायचा. तुमच्या बाराव्याला मी पेडण्याला आले होते, काकींना भेटले, तरी मनातून जात नव्हतं की हा माणूस आपल्यापासून काहीतरी लपवतोय.

आणि लपवतच होतात की! म्हणून तर हे पत्र. काल सोमवार होता. काल जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपली पहिली भेट आठवते? एचआयव्ही टाळण्यासाठी लोकांच्या वागण्यात बदल घडवायचा, त्या कार्यक्रमाला बाहेरून निधी मिळाला होता आणि डिचोलीच्या ट्रक यार्डात तुमचे खेळ ठरले होते. मी त्या निधीवर देखरेख करणारी. मेजावर फॉर्म ठेवून म्हटलं, "काका, संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागेल."

"दशावताराक संहिता?" तुम्ही डोळे मोठे केलेत. "बाय, आमी रंग लावन उभे रवतो आणि तोंडात येता तां बोलतो." मग माझ्या फायलीकडे बोट दाखवून म्हणालात, "आमचां वर्तन बदलूक इल्यात. ह्या नारदाचां कोण बदलतलो?"

सगळं ऑफिस हसलं. त्यानंतर सुलक्षा हे माझं नाव तुम्ही कधी उच्चारलंच नाही. नारद म्हणजे इकडचं तिकडे करून आग लावणारा. तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं का हो?

दर खेळानंतर बघणाऱ्यांच्या नावांचा आणि सह्यांचा कागद यायला हवा, ही निधीची अटच होती. तुमचे कागद आले. अर्जुन. भीम. कीचक. दोन दुर्योधन. सगळ्यांत खाली कौरवांतला विकर्ण. मी फोन केला तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "पात्रां आसत ती, बाय. माणसां खरी आसत."

मला ती थट्टा वाटली. खेळ होतायत तरी का, असा संशय पोटात शिरला तो शिरलाच. फायलीतले फोटो काढून बघितले तर त्यांतही नुसत्या पाठी! एकाचंही तोंड दिसेना!

मी यार्डात येऊन बघायला हवं होतं. मी मये गावची, डिचोली मला काय लांब? स्कूटरवर दहा-पंधरा मिनिटं. नाही आले. कागदावरून माणूस ओळखायची सवय लागली होती. अहवालात "संशयास्पद" असं लिहिलं आणि पुढच्याच महिन्यात निधी थांबला. तुमचे खेळ बंद झाले, खेळासोबत यार्डात येणारी रक्ततपासणीची गाडीही बंद झाली.

तुम्ही भांडला का नाहीत? एकदा तरी ओरडून सांगायचं होतं की ते सगळे सिंधुदुर्गातले ड्रायव्हर, एकाच्या गावचा दुसरा, दुसऱ्याचा मेहुणा तिसरा. असल्या कागदावर खरं नाव लिहिलं तर माणूस घरी पोचायच्या आधी बातमी पोचेल. म्हणून तुम्ही प्रत्येकाला एकेक पात्र दिलंत, हे मला तुम्ही गेल्यावर उमगलं. सांगितलं असतंत तर एवढं मला कळलं नसतं? की तुमचाही माझ्यावर संशय होता, ही बाई नावं फोडेल म्हणून? खरं सांगा. होता ना!

बाराव्याच्या दिवशी काकींनी तुमची रंगाची पेटी माझ्यापुढे ठेवली. "तुमच्या ऑफिसाचां काय आसात तर बघा." सफेता, काजळ, फुटका आरसा, आणि तळाशी कॅलेंडरच्या पानामागे तुमचं अक्षर: "विकर्ण. सोमवार सकाळ, पेडणे स्टँड. म्हापशाक गोळ्यो. एकटो जायना."

मी पान उलटून महिना बघितला. सवय जात नाही. पान तुम्ही गेलात त्याच्या आदल्या महिन्याचं. निधी थांबून तर वर्ष होत आलं होतं!

काकींना विचारलं, तर म्हणाल्या, "म्हयन्यातून एकदा म्हापशाक जायत. दात दुखता म्हणत. आता दात होते खंय?" त्या हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला. काका, बायकोला तरी जरा बरी थाप मारायची!

मला मात्र हसू आलं नाही. कुठेतरी एक माणूस होता, ज्याच्या गोळ्या एक दिवसही चुकायला नकोत, जो दवाखान्याच्या दारात एकटा जायला घाबरतो. त्याचं खरं नाव फक्त तुम्हाला माहीत. आणि त्याच्यापर्यंत पोचायची वाट बंद केली होती मी.

यार्डात गेले. मला बघताच गप्पा थांबल्या. "विकर्ण? तो म्हाभारतात गावतलो, बाई," एकजण म्हणाला आणि टायर बघायला वाकला. त्यांचं काय चुकलं? मी तरी माझ्यावर विश्वास ठेवला असता का?

मग उरला सोमवार. कुठला, ते तुम्ही लिहिलं नव्हतं. पेडण्याच्या स्टँडवर सकाळपासून तुमची पेटी मांडीवर घेऊन बसायचं, एवढंच सुचलं. पहिला सोमवार फुकट गेला. दुसराही. तिसऱ्याला मला वाटलं, हे तुमचंच एखादं सोंग असणार.

काल चौथा. चाळिशीचा एक माणूस समोरून दोनदा गेला. पेटीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. शेवटी थांबला.

"काका खंय?"

मी सांगितलं. त्याने पेटीच्या झाकणावर हात टेकवला. मग म्हणाला, "तुमी कोण?"

काका, मी आयुष्यभर लोकांना हाच प्रश्न विचारत आले. उत्तर देणं इतकं कठीण असतं? म्हटलं, "नारद."

"आमचो खेळ बंद केल्लो नारद तो तुमीच काय?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! त्यांना सांगितलंही होतंत! आणि मला फोनवर कधी एक शब्द नाही. मला लाज वाटली, खूप वाटली. "हो, मीच," म्हटलं. तो गेला असता तरी मी काय बोलणार होते?

म्हापशाची बस लागली. तो पायरीवर चढला, वळला आणि म्हणाला, "चला मगे."

त्याच्या काही दिवसांच्या गोळ्या चुकल्यात. आत डॉक्टर काय म्हणाले, ते मी विचारलं नाही. तो पाकीट खिशात घालून बाहेर आला आणि त्याने विचारलं, "फुडल्या म्हयन्यात?" मी मान हलवली.

निधी पुन्हा सुरू करायचा का, याचा फॉर्म आज टेबलावर आला आहे. "सहभागी व्यक्ती खऱ्या आहेत का?" मी लिहिलं, आहेत. "कशावरून?" त्यापुढे लिहिलं, सोबत जाऊन. त्यांना ते पटेल की नाही, याचा मला संशयच आहे. पटलं नाही तरी माझा सोमवार ठरलेला आहे. पेटी मांडीवर असेल. आणि काका, तुम्हाला शब्द देते, त्याचं खरं नाव मी कधीही विचारणार नाही.

तुमची,
नारद