रामबाईवर अब्रुनुकसानीचा दावा

३ फेब्रुवारी १९५४, पुलगाव

मोडलं! आर्वीचं स्थळ मोडलं. आणि कोणामुळे? समोरच्या रामबाईमुळे! मुलाचे वडील रूपराव चौकशीला आले, तर हिनं त्यांना आपल्या ओट्यावर बसवून सांगितलं, "सुलोचना? पोरगी नाई ते, दारूगोळ्याचा डेपो हाय. ठिणगी पडाचा उशीर!" रूपराव आमच्याकडे न येताच परतीच्या गाडीत बसले.

मला मुलगा आवडला होता. बघायला आले तेव्हा वडीलधारी मंडळी शिवण येतं का, सारवण येतं का विचारत होती. हा चंद्रभान हळूच म्हणाला, "इतके प्रश्न तं मले मॅट्रिकच्या पेपरातही नाई आले." मला हसू आवरेना. हे इथंच लिहिते, दुसरीकडे बोलायची सोय नाही.

खूप रडले. मग रामबाईच्या दारात जाऊन भांडून आले. बरं वाटलं.

४ फेब्रुवारी

बाबा मला घेऊन बंडूजी वकिलांकडे गेले. "दावा ठोका तिच्यावर!"

वकीलसाहेब पान चघळत म्हणाले, "हे दिवाणी काम. कोणाले तुरुंगात नाई टाकत इथं. एकानं दुसऱ्याचं नुकसान केलं, तं भरपाई मागता येते. शेत, घर, तशीच अब्रू. पोरीच्या तोंडावर बोलली असती तं बदनामी नसती झाली. तिसऱ्याले सांगितलं, तिथं फसली."

मी खूश! तेवढ्यात म्हणाले, "पण बोललेलं खोटं असाले पायजे. खरं निघालं तं दावा गेला."

"खोटंच आहे!" मी ओरडले. टेबलावर हात आपटला. दौत लवंडली. वकीलसाहेबांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी छताकडे.

५ फेब्रुवारी

मी भांडखोर नाही, अशी साक्ष द्यायला शेजारी हवेत. माय एकेक नाव घेते आणि मीच मान हलवते. सखू — नळावर तिची घागर मी रस्त्यावर भिरकावली होती. पुनाजी दूधवाला — दुधातलं पाणी अख्ख्या गल्लीसमोर काढलं होतं. लहानू — त्याची बकरी. जाऊ दे! माय वो, ज्याच्याशी भांडले नाही असा माणूस स्टेशनापलीकडे शोधावा लागेल.

बाबांचा हुकूम — दाव्याचा निकाल लागेपर्यंत तोंड बंद.

९ फेब्रुवारी

गप्प आहे.

१४ फेब्रुवारी

आज सखू रांगेत मधेच घुसली. मी म्हटलं, "भरा बाई, सावकाश भरा." ती इतकी घाबरली की अर्धी घागर घेऊन पळाली! माय कपाळाला हात लावून ताप बघते. शब्द गिळून गिळून पोट दुखायला लागलंय.

२२ फेब्रुवारी

पुनाजी आर्वीला सासुरवाडीला गेलता. तिथं रूपरावांना सांगून आला — पोरगी गरीब गाय आहे. रूपराव उद्या मंडळींना घेऊन येताहेत, लग्न पक्कं करायला! बाबांनी दावा सोडून दिला. "स्थळ परत आलं, आता नुकसान कायचं?" रामबाईसुद्धा सगळ्यांना सांगत सुटलीय, "चुकलंच माहं. गाय हाय, गाय!"

आधी आनंदानं उड्या मारल्या. मग जेवताना वकीलसाहेबांचं बोलणं आठवलं. मी गाय आहे, हेही तिसऱ्याला सांगितलेलं आहे. साफ खोटं आहे. आणि नुकसान होणार ते माझं, जन्मभर गप्प बसायचं! वकीलसाहेब, या बदनामीचा दावा आता कोणावर ठोकू? चंद्रभान हवा आहे. फार हवा आहे. पण गाय म्हणून नाही जायचं मला.

२३ फेब्रुवारी

भर बैठकीत सांगून टाकलं — "रामबाई खरं बोलली होती. मी भांडते. पुढंही भांडीन." रूपराव टोपी घालून उठले. त्यांच्यामागं सगळे उठले. माय रडायला लागली. चंद्रभान उठला नाही. म्हणाला, "बाबा, तुमी चाला पुढं. माहा चहा राह्यला."