तिसरा वाटा

फाकाओफो बेट

माझ्या आईस, तुझ्या हट्टी सेफिनाचा गोड पापा.

मी खुशाल आहे. तुझी कंबर कशी आहे? परवाच्या भरतीला अंगणात पाणी आलं, पण डुकरं वाचली, तेव्हा काळजी नको.

काल होड्या कुपे मासे भरून आल्या आणि किनाऱ्यावर वाटे पडले. इथे घरातली माणसं मोजून मासे देतात, मग तुम्ही समुद्रात गेलेले असा की घरी घोरत पडलेले. घरात हेटो नि मी दोघंच, म्हणून वाटे घालणाऱ्या ताविते आजोबांनी माझ्यापुढे दोन कुपे ठेवले. मग तिसरा ठेवला.

“आजोबा, मोजायला चुकलात!”

“मी चुकत नाही गं. रोज सकाळी तुझ्या ओकाऱ्या आमच्या घरात ऐकू येतात!”

सगळा किनारा खो खो हसला. हेटोच्या हातातली टोपलीच पडली. आई, मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी आधी आनंदाने सांगत फिरले, मग मूल गेल्याचंही सांगत फिरावं लागलं.

नर्सबाई म्हणते, सगळं ठीक आहे. तुला बोट लागते, ठाऊक आहे, तरी बाळंतपणाला ये. आजोबा म्हणाले, “चौथा वाटा घालतो, पण तुझ्या आईला म्हणावं, मासे स्वतः साफ करायचे!”

येशील ना?

तुझीच,
सेफिना

ता. क. तिसरा कुपा हेटोने भाजून दिला. खाल्ला तेवढा पोटात टिकला.